कपॅसिटर वाढवून भागणार नाही

"आवर्ती रचना वगैरे पीएचडीच्या प्रबंधात शोभतात. प्रॉडक्टमध्ये कपॅसिटर वाढवा, वर शील्ड बसवा, झाले काम." चिपच्या आणि बोर्डाच्या नॉइजवर चर्चा सुरू झाली की हे ऐकू येतेच. म्हणणारी माणसे बहुधा अनुभवी असतात, पुष्कळ बोर्ड त्यांनी टेस्टिंगमधून पार करून आणलेले असतात. त्यामुळे खोलीतली तरुण मंडळी गप्प बसतात आणि विषय तिथेच मिटतो. तो मिटू नये म्हणून हा लेख. एक गिगाहर्ट्झच्या वर गेल्यावर कपॅसिटरला आणि शील्डला जे जमत नाही, ते तांब्याच्या थरात ठरावीक अंतराने पुन्हापुन्हा येणारी एक साधी आकृती करू शकते, हे मोजून दाखवलेले आहे. ते नाकारण्यासाठी दिली जाणारी काही कारणे खरी आहेत, बरीचशी अर्धवट आहेत, आणि एक तर साफ चुकीचे आहे.

आधी दुखणे काय ते पाहू. चिपमधले लाखो ट्रान्झिस्टर क्लॉकच्या एका ठोक्यावर एकदम आपली स्थिती बदलतात. त्या क्षणी चिपला अचानक मोठा प्रवाह लागतो आणि ज्या दोन थरांमधून तो येतो, त्या पॉवर प्लेनला आणि ग्राउंड प्लेनला धक्का बसतो. हे थर म्हणजे नुसते वीज पुरवणारे पत्रे नव्हेत. समांतर असे तांब्याचे दोन पत्रे आणि मध्ये फायबरग्लासचा पातळ थर, ही लहरीसाठी आयती वाट आहे. कडांवर आदळून लहर परतते, त्यामुळे ती आत घुमतेही. 10 सेंटिमीटर लांबीच्या साध्या एफआर-4 बोर्डाचा हिशेब केला तर पहिला अनुनाद साधारण 715 मेगाहर्ट्झवर येतो आणि त्याच्या वर अनुनादांची रांगच लागते. प्रोसेसरच्या पायाशी उठलेला नॉइज बोर्डाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या रेडिओ रिसीव्हरपर्यंत पोहोचतो तो याच फटीतून. त्याला वेगळी तार लागत नाही.

आता कपॅसिटरकडे वळू. डिकपलिंग कपॅसिटरशिवाय एकही बोर्ड चालणार नाही, आणि ते काढून टाका असे कोणी म्हणतही नाही. प्रश्न त्यांची मजल कुठवर आहे हा आहे. 100 नॅनोफॅरडचा छोटा कपॅसिटर घ्या. त्याचे पॅड, त्याचे व्हाया (थरांना जोडणारी तांब्याची भोके) आणि त्याची स्वतःची आतली रचना मिळून एक नॅनोहेन्री इंडक्टन्स धरा. चांगल्या लेआऊटमध्येही तेवढा येतो. मग साधारण 16 मेगाहर्ट्झपर्यंतच तो कपॅसिटरसारखा वागतो, त्यापुढे तो इंडक्टर झालेला असतो. एक गिगाहर्ट्झवर त्याचा अडथळा सव्वासहा ओहम होतो. उलट बाजूने पाहा. एक व्होल्टवर चालणाऱ्या आणि एकदम 50 अँपिअर ओढणाऱ्या प्रोसेसरचे व्होल्टेज 5 टक्क्यांच्या आत राखायचे, तर पुरवठ्याचा अडथळा एक मिलिओहमपेक्षा जास्त असून चालत नाही. सव्वासहा ओहमवाले शंभर कपॅसिटर समांतर जोडले तरी 63 मिलिओहमच्या खाली जाता येत नाही. त्या वेगाची मागणी चिपच्या पोटातलाच कपॅसिटन्स भागवतो. बोर्डावरच्या कपॅसिटरांचा त्यात फारसा हात नसतो.

शिवाय कपॅसिटरचे काम पुरवठ्याचे आहे, अटकावाचे नाही. सोसायटीच्या गच्चीवरची टाकी नळाला पाणी देते. पण कोणी व्हॉल्व्ह झटकन बंद केला की पाइपातून जो ठोका धावतो, तो टाकी मोठी केल्याने थांबत नाही. नॉइज जिथे उठतो तिथे तो कमी करणे आणि उठलेला नॉइज शेजाऱ्यापर्यंत पोहोचू न देणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्यासाठी कपॅसिटर हवेत. दुसऱ्यासाठी वाटच अशी बनवावी लागते की त्या वारंवारतेची लहर तिच्यातून जाऊच शकणार नाही.

शील्डच्या डबीची गोष्टही तशीच. वरून हवेत फेकले जाणारे उत्सर्जन ती अडवते, आणि चांगले अडवते. पण डबी सोल्डर झालेली असते बोर्डाच्या वरच्या थरावर. पॉवर आणि ग्राउंडचे पत्रे तिच्या खालून, अखंड, शेजारच्या डबीखाली गेलेले असतात. नॉइज डबीच्या भिंतीशी भांडायला जातच नाही, तो तळघरातून निघून जातो.

ही वाट बंद करणारी रचना जवळून पाहिली तर अगदी साधी असते. पॉवर आणि ग्राउंडच्या मध्ये आणखी एक थर. त्यावर तांब्याचे छोटे चौकोन, एकमेकांपासून बारीक फटीने सुटे. प्रत्येक चौकोनाच्या मध्यातून एक व्हाया खाली ग्राउंडला टेकलेला. बाजूने छेद घेतला तर देठावर टोपी असलेल्या अळंबीसारखा आकार दिसतो, आणि या क्षेत्रातली मंडळी तिला त्याच नावाने ओळखतात. चौकोन आणि वरचा पत्रा मिळून कपॅसिटर होतो, देठ इंडक्टर होतो. दोघांचा अनुनाद जिथे येतो त्याच्या आसपासच्या वारंवारतांना पॉवरचा पत्रा आणि ग्राउंडचा पत्रा जागोजागी जोडलेले दिसतात आणि लहर पुढे सरकत नाही. चौकोन आणि देठ मिळून एक घर; अशा पाच-दहा घरांचे पट्टे पुरतात. प्रसिद्ध झालेल्या मोजमापांमध्ये 30 डेसिबलचा अटकाव हा रोखपट्टा, म्हणजे अडवल्या जाणाऱ्या वारंवारतांचा पट्टा, मोजण्याचा नेहमीचा निकष आहे. 30 डेसिबल म्हणजे पलीकडे पोहोचणारी शक्ती हजारांश.

"हे नवीन आहे, मुरलेले नाही," असेही म्हटले जाते. आवर्ती माध्यमातल्या लहरींचा विचार लॉर्ड रेली यांनी 1887 मध्ये केला होता. बरोबर शंभर वर्षांनी, 1987 मध्ये, एली याब्लोनोविच आणि सजीव जॉन यांनी स्वतंत्रपणे दाखवले की स्फटिकात इलेक्ट्रॉनसाठी जसा निषिद्ध पट्टा असतो, तसा पट्टा योग्य आवर्ती रचनेत प्रकाशासाठीही तयार करता येईल. याब्लोनोविच यांचे विद्यार्थी डॅन सिव्हनपायपर यांनी 1999 मध्ये अळंबीच्या आकाराचा पृष्ठभाग मांडला. 2003 मध्ये टोरंटोच्या अभारी आणि एलेफ्थेरिआडिस यांनी, तसेच मेरीलँडच्या कामगाइंग आणि रामाही यांनी तीच कल्पना बोर्डाच्या पॉवर प्लेनमधला नॉइज अडवण्यासाठी वापरली. त्यानंतर तैवानमध्ये त्झाँग-लिन वू आणि जॉर्जिया टेकमध्ये माधवन स्वामिनाथन यांच्या गटांनी जादा थर न लागणारे, पॉवर प्लेनमध्येच कोरलेले प्रकार दिले. वीस वर्षांहून अधिक काळ बोर्डावर मोजली गेलेली गोष्ट नवीन म्हणून बाजूला ठेवणे पटण्यासारखे नाही.

आक्षेपांतला सर्वात वजनदार आक्षेप आकाराचा आहे, आणि तो नीट ऐकला पाहिजे. आवर्ती रचनेने लहर परतवायची तर दोन घरांमधले अंतर साधारण अर्ध्या तरंगलांबीएवढे लागते, हे पाठ्यपुस्तकातले गणित. 10 गिगाहर्ट्झवर सिलिकॉन डायऑक्साइडमधली अर्धी तरंगलांबी सुमारे साडेसात मिलिमीटर भरते. बऱ्याच चिप मुळात तेवढ्याच असतात. एका घरात संपणाऱ्या चिपवर दहा घरे कुठे बसवणार? हा मुद्दा बिनतोड आहे, पण तो फक्त परतवण्यावर चालणाऱ्या रचनेला लागू पडतो. अळंबी परतवण्यावर अवलंबून नाही, ती अनुनादावर चालते. चौकोनाची बाजू 5 मिलिमीटर, वरच्या पत्र्यापासून अंतर 0.1 मिलिमीटर, देठाची उंची अर्धा मिलिमीटर धरा. कपॅसिटन्स सुमारे 9.7 पिकोफॅरड, इंडक्टन्स पाव नॅनोहेन्रीच्या आत, आणि अनुनाद 3.3 गिगाहर्ट्झच्या जवळपास येतो. या वारंवारतेची एफआर-4 मधली अर्धी तरंगलांबी 22 मिलिमीटरच्या आसपास आहे. म्हणजे घर चौपटीहून लहान झाले. पॅकेजच्या आतला विद्युतरोधक थर 30 मायक्रॉनचा असेल तर तेवढ्याच क्षेत्रात कपॅसिटन्स तिपटीहून वाढतो आणि घर आणखी आक्रसते.

चिपच्या सिलिकॉनवर मात्र ही रचना खालच्या वारंवारतांना बसणार नाही. जे तसे विकू पाहतात ते या विषयाचे नुकसान करतात. दहा-वीस मेगाहर्ट्झचा नॉइज सबस्ट्रेटमधून अॅनालॉग भागात शिरत असेल तर त्यावर गार्ड रिंग आणि डीप एन-वेल हेच उपाय आहेत. पण वाहनांच्या रडारची 76 ते 81 गिगाहर्ट्झची पट्टी घ्या. तिथे ऑक्साइडमधली अर्धी तरंगलांबी जेमतेम एक मिलिमीटर होते. तिथे आवर्ती रचना चिपच्या धातूच्या थरांतही मावते आणि पॅकेजमध्ये तर आरामात मावते. आकाराचा आक्षेप वारंवारतेबरोबर विरघळत जातो. तो सांगताना वारंवारता सांगितलीच पाहिजे.

दुसरा खरा आक्षेप पॉवर प्लेनमध्येच कोरलेल्या प्रकाराबद्दल आहे. तिथे पत्र्याचे चौकोन करून ते बारीक पुलांनी जोडतात. पुलाचा इंडक्टन्स वाढतो आणि लहर अडते, पण सरळ प्रवाहालाही त्याच पुलावरून जावे लागते. 35 मायक्रॉन जाडीच्या तांब्याचा रोध दर चौरसाला अर्धा मिलिओहम असतो. 0.2 मिलिमीटर रुंद आणि 5 मिलिमीटर लांब पूल म्हणजे असे 25 चौरस, म्हणून साडेबारा मिलिओहम. त्यातून 10 अँपिअर नेले तर एकाच पुलावर सव्वाशे मिलिव्होल्ट गळतात. एक व्होल्टच्या प्रोसेसरसाठी हे साफ नापास. आक्षेप घेणारे इथे थांबतात. पण याच पुलावरून 50 मिलिअँपिअर खाणाऱ्या पीएलएलला, म्हणजे क्लॉक तयार करणाऱ्या सर्किटला, पुरवठा दिला तर गळती जेमतेम 0.6 मिलिव्होल्ट होते, आणि नॉइजपासून वाचवायचे असते ते बहुधा याच पीएलएलला. मोठा प्रवाह अखंड पत्र्यातून जाऊ द्यावा आणि नाजूक भागाभोवती तीन-चार घरांचा पट्टा आखावा. सगळा बोर्ड खाचांनी भरायला कोणी सांगितलेले नाही.

खाचांवरून सिग्नलच्या तारा गेल्या तर परतीचा प्रवाह तुटतो आणि उत्सर्जन उलट वाढते, हेही खरे आहे. नव्याने शिकणाऱ्यांच्या बोर्डांवर ही चूक हमखास दिसते: पॉवर प्लेन सुंदर कोरलेले, आणि त्यावरूनच मेमरीच्या तारा गेलेल्या. वेगवान तारांना संदर्भ म्हणून अखंड ग्राउंड प्लेन द्यायचे आणि कोरलेले प्लेन त्यांच्या वाटेतून दूर ठेवायचे, एवढी शिस्त पाळली तर हा दोष उरत नाही. अळंबीच्या प्रकारात तर पॉवरचा पत्रा कापलाच जात नाही, म्हणून तिथे हे दोन्ही आक्षेप लागू होत नाहीत. जादा थराचा खर्च मात्र येतो, त्याकडे पुढे येऊ.

"रोखपट्टा अरुंद असतो, नॉइज तर सगळीकडे पसरलेला असतो." हेही नेहमीचे. नॉइज सगळीकडे असतो, पण त्याचा बळी सगळीकडे नसतो. जीपीएसचा रिसीव्हर 1575.42 मेगाहर्ट्झवर ऐकतो, नाविकचा एस बँड 2492.028 वर आहे, वाय-फाय आणि ब्लूटूथ 2400 ते 2483.5 मध्ये असतात. कुठल्या बोर्डावर कुठला रेडिओ आहे हे डिझायनरला पहिल्या दिवसापासून माहीत असते. रोखपट्टा नेमका तिथे आणता येतो, आणि दोन आकारांची घरे एकामागून एक ठेवली तर तो रुंदही करता येतो.

आणि आता ते साफ चुकीचे कारण: "आमचा बोर्ड टेस्टिंगमध्ये पास झाला." या वाक्याने जेवढी चर्चा बंद पडली आहे तेवढी दुसऱ्या कशानेही पडली नसेल. सीआयएसपीआर 32 या मानकात घरगुती वापराच्या उपकरणांना 1 ते 3 गिगाहर्ट्झमध्ये 3 मीटरवर जी सरासरी मर्यादा आहे, ती 50 डेसिबल मायक्रोव्होल्ट प्रति मीटर, म्हणजे 316 मायक्रोव्होल्ट प्रति मीटर. जीपीएसचा संकेत जमिनीवर येतो तेव्हा त्याची हमी दिलेली किमान पातळी उणे 158.5 डीबीडब्ल्यू आहे. तीच विद्युतक्षेत्रात मांडली तर मीटरमागे सुमारे 4 मायक्रोव्होल्ट. कायदा तीन मीटरवर ज्या पातळीला संमती देतो ती उपग्रहाच्या संकेताच्या सत्तरपटीहून वर आहे, आणि त्या पेटीतला जीपीएस अँटेना प्रोसेसरपासून तीन मीटरवर नसतो, तीन सेंटिमीटरवर असतो. जीपीएस नॉइजच्या खालूनही संकेत उचलतो हे खरे, पण उचलण्याची ती ताकद आपल्याच क्लॉकने खाऊन टाकावी हे पटत नाही. मानक शेजाऱ्याच्या टीव्हीसाठी लिहिलेले आहे. पेटीच्या आतल्या रिसीव्हरची काळजी ते घेत नाही आणि घेण्याचा दावाही करत नाही.

एक उदाहरण हाताशी ठेवण्यासारखे आहे. इथरनेटच्या चिपला सर्रास 25 मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लागतो. त्याचा 63 वा हार्मोनिक 1575 मेगाहर्ट्झवर पडतो, जीपीएसच्या मध्यापासून अर्ध्या मेगाहर्ट्झच्याही आत. जीपीएसच्या नागरी संकेताचा मुख्य भाग मध्याच्या दोन्ही बाजूंना एक मेगाहर्ट्झ पसरलेला असतो, म्हणजे हा हार्मोनिक त्याच्या अगदी पोटात शिरतो. निअर-फील्ड प्रोब हातात घेऊन असा बोर्ड तपासला की इथरनेटच्या चिपजवळ काटा वर जातो, यात नवल नाही. पण प्रोब हळूहळू सरकवत बोर्डाच्या कडेला नेला की तो पुन्हा वर जातो, जिथे एकही चिप नाही, एकही तार नाही. कडेला पत्र्यांमधली लहर बाहेर डोकावत असते. त्या जागी कपॅसिटर लावून पाहणाऱ्यांना चांगल्या सात-आठ रात्री घालवूनही अर्धा-एक डेसिबलच्या पलीकडे हाती लागत नाही, कारण उपाय तिथे नसतो, मधल्या वाटेत असतो.

यूएसबी 3.0 चे उदाहरण तर सगळ्यांना माहीत आहे. 5 गिगाबिटच्या त्या संकेताचा पसारा 2.4 गिगाहर्ट्झवरून जातो आणि शेजारचा वायरलेस माउस अडखळतो, हे इंटेलने स्वतः 2012 मध्ये लिहून प्रसिद्ध केले. ती उपकरणे रीतसर टेस्टिंगमधून आलेली होती. आणि जुन्नर तालुक्यात खोडदला 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या घेऊन जीएमआरटी ज्या रेडिओ लहरी ऐकते, त्या तर जीपीएसहूनही कितीतरी क्षीण असतात. परिसरातल्या प्रत्येक अवखळ क्लॉकचा त्रास तिला होतो. आपल्या पेटीतून बाहेर पडणाऱ्या लहरी कायद्यात बसतात एवढे म्हटल्याने तिथल्या संशोधकाची अडचण सुटत नाही.

खर्चाचा मुद्दा मी टाळणार नाही. जादा थर आणि आतले व्हाया यांनी बोर्ड महाग होतो, आणि काही रुपयांवर स्पर्धा चालणाऱ्या वस्तूत ते परवडत नाही. तिथे आवर्ती रचना नको, नीट लेआऊट करा, तेवढे पुरेसे ठरू शकते. पण ज्या बोर्डात दोन-तीन रेडिओ आणि वेगवान प्रोसेसर एकत्र आहेत, तिथे थर आधीच आठ-दहा असतात. स्टॅक-अप, म्हणजे बोर्डाच्या थरांची मांडणी, ठरवण्याच्या बैठकीतच प्रश्न विचारला तर बऱ्याचदा नवा थर न वाढवता असलेल्या थरात पट्टा बसतो. अडचण अशी की तो प्रश्न त्या बैठकीत विचारला जात नाही. तो विचारला जातो बोर्ड बनून आल्यावर, आणि तेव्हा कपॅसिटर आणि डबीशिवाय हातात काहीच उरलेले नसते. मग याच परिस्थितीवरून निष्कर्ष काढला जातो की प्रॉडक्टमध्ये कपॅसिटर आणि डबीच चालतात.

भारतात हा विषय आता बोर्डावरून पॅकेजमध्ये सरकतो आहे. साणंदला आणि आसामात जागीरोडला चिपच्या पॅकेजिंगचे कारखाने उभे राहत आहेत, आणि पुण्यात वाहनांच्या इलेक्ट्रॉनिक्सचे डिझाइन मोठ्या प्रमाणावर चालते. डिजिटल चिप आणि रडारची चिप एकाच पॅकेजमध्ये काही मिलिमीटरवर बसवायची झाली, तर त्यांच्या मधल्या थरांत काय काढायचे हे पॅकेज डिझायनरच ठरवणार. तिथे डबी ठेवायला जागा नाही आणि कपॅसिटर लावायला रात्रीही नाहीत.

विरोधकांचे एक म्हणणे मात्र मी पूर्ण स्वीकारतो, आणि ते माझ्याच बाजूच्या लोकांना ऐकवायचे आहे. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत या रचनांवर दरवर्षी ढिगाने प्रकल्प होतात. त्यातल्या बहुतेकांत एक रिकामा बोर्ड, दोन कोपऱ्यांत दोन पोर्ट आणि सिम्युलेशनमधून काढलेला एक आलेख असतो. त्यात मधला भाग खोल बुडालेला दिसतो आणि निष्कर्ष लिहिला जातो. प्रॉडक्ट बनवणाऱ्या माणसाला त्या आलेखाचा उपयोग नाही. त्याला हवे आहे ते असे: तोच प्रोसेसर, तोच इथरनेट, तोच जीपीएस, एकदा साध्या बोर्डावर आणि एकदा पट्टा घातलेल्या बोर्डावर. दोन्हीकडे मोकळ्या आकाशाखाली उपग्रहांच्या संकेताचे वाहक आणि नॉइज यांचे गुणोत्तर किती डेसिबल-हर्ट्झ आले, पीएलएलचा जिटर किती पिकोसेकंदांनी कमी झाला, पुरवठ्याचे व्होल्टेज किती गळले, आणि बोर्डाच्या किमतीत किती रुपये वाढले. हे चार आकडे एका कोष्टकात द्या. ज्यांनी आजवर "प्रबंधात शोभतात" म्हटले, त्यांच्यातले बरेच जण ते कोष्टक घेऊन स्वतःच स्टॅक-अपच्या बैठकीला बसतील.